एलियाहू नावाचं वाक्य

बातम्यांत रोज कानावर पडणारं ‘नेतन्याहू’ हे आडनाव आपण एका दमात ऐकतो आणि सोडून देतो. हिब्रू जाणणाऱ्याला मात्र त्यात दोन तुकडे स्पष्ट ऐकू येतात. ‘नतन’ म्हणजे दिलं, आणि ‘याहू’ हे देवाच्या नावाचं लहान रूप. याहूने दिलेला; आपल्याकडचा देवदत्त. चर्चमधलं ‘हल्लेलूया’ घ्या, त्याच्या शेवटी तेच ‘याह’ आहे: याहची स्तुती करा. योहान या नावाच्या आरंभीही तेच आहे, पण गोव्यात त्या योहानाचा जुवांव होईपर्यंत ते इतकं झिजलंय की कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येऊ नये.

अशा नावांच्या मोठ्या गोतावळ्यात माझं मन वर्षानुवर्षं ज्या एका नावापाशी रेंगाळलं, ते एलियाहू. इंग्रजीतला एलायजा, ग्रीकमधला एलियास, रशियातला इल्या, अरबीतला इल्यास, मराठी बायबलमधला एलीया, ही सगळी त्याचीच रूपं. अलिबागच्या बाजूला वाढलेल्या माणसाला हे नाव पुस्तकातून शिकावं लागत नाही. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू, ते ‘एलियाहू हन्नाबी’ असं जोडीनेच घेतात, आणि घरातल्या थोरामोठ्याचं घ्यावं तशा आदराने घेतात. मीही ते लहानपणी तसंच ऐकलं. ‘नबी’ म्हणजे देवाचा संदेश आणणारा, एवढं समजायचं, कारण तो शब्द शेजारच्या मुसलमान घरांतही होता. एलियाहू म्हणजे काय, हे मात्र कुणाला विचारावंसं वाटलं नाही. नावाला अर्थ विचारायचा असतो, हेच त्या वयात सुचत नाही.

हिब्रूत हे नाव पाच अक्षरांत लिहितात: आलेफ, लामेद, योद, हे, वाव. पहिली दोन मिळून ‘एल’, म्हणजे देव. मधला योद दोन्ही बाजूंना पुरतो. तो मागच्या ‘एल’ला लागला की ‘एली’ होतं, माझा देव. आणि पुढच्या दोन अक्षरांना लागला की ‘याहू’. माझा देव याहू. हिब्रूत अशा ठिकाणी ‘आहे’ म्हणायची गरज पडत नाही, त्यामुळे हे दोन शब्द म्हणजे पुरतं वाक्य झालं. या नावाच्या मुलाला जेवायला हाक मारणारी आई प्रत्येक वेळी एक विधान करत असते, तिच्या ध्यानीमनी असो वा नसो.

आणि विधान साधंसुधं नाही. ‘याहू’ हा ज्या चार अक्षरी नावाचा तुकडा आहे, ते नाव ज्यू माणूस उच्चारत नाही. पोथीत ते समोर आलं की प्रार्थनेत तो ‘अदोनाय’, माझा स्वामी, असं म्हणतो. एरवी बोलताना ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’. मूळ नाव इतकं जपलं की त्याचा खरा उच्चारच लोकांच्या जिभेवरून गेला. पण माणसांच्या नावांच्या शेपटीला लागलेला हा तुकडा मोकळा राहिला. जे देवळात तोंडातून काढायचं नाही, त्याचा अंश अंगणात, बाजारात, शाळेच्या हजेरीत बिनदिक्कत चालतो. मला यात फार मोठी माया दिसते. देवाने आपलं नाव मोठ्यांपासून राखून ठेवलं आणि मुलांच्या अंगावर घालू दिलं.

पण एलियाहू ज्या काळात वावरला, त्या काळात हे नाव मायेचं कमी आणि भांडणाचं जास्त होतं. इसवी सनापूर्वीचं नववं शतक. इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यावर अहाब राजा, राजधानी शोमरोन. त्याची राणी ईजबेल सिदोनच्या राजघराण्यातली, आणि तिच्या बापाचं नाव एथबाल. त्या नावातही देव आहे, फक्त दुसरा: बाल, पावसाचा आणि वादळाचा देव. राणीसोबत बालाचं देऊळ आलं, पुजारी आले, राजाश्रय आला. अशा दरबारात गिलादच्या डोंगराळ भागातून एक केसाळ, कातडी पट्टा बांधलेला माणूस येऊन उभा राहतो. तो तोंड उघडण्याआधी नुसतं नाव सांगतो, तेव्हाच त्याने काय ते सांगून टाकलेलं असतं. माझा देव याहू.

इथे चित्र एकदम काळं आणि पांढरं करायचा मोह होतो, पण नावंच तो होऊ देत नाहीत. ज्या अहाबाला बायबल इतकं दोष देतं, त्याने आपल्या मुलांची नावं काय ठेवली? अहज्या, म्हणजे याहने धरून ठेवलेला, आणि यहोराम, याह थोर. दोन्ही नावांत तोच याह! त्याच अहाबाच्या घरचा कारभारी ओबद्या, म्हणजे याहचा दास. या ओबद्याने ईजबेलच्या हातून वाचवण्यासाठी शंभर संदेष्टे पन्नास-पन्नास करून गुहांमध्ये लपवले आणि त्यांना अन्नपाणी पुरवलं. म्हणजे राजवाड्यात दोन्ही देव एकाच छपराखाली नांदत होते. शोमरोनच्या अवशेषांत १९१० साली खापरं सापडली, त्यांच्यावर शाईने दारूच्या आणि तेलाच्या आवकीची नोंद आहे. ती अहाबानंतरची, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातली. धर्माशी काहीएक संबंध नसलेले हे कोठारातले हिशेब, पण त्यांत माणसांची नावं आहेत: गद्दियाव, शेमरयाव आणि त्यांच्याच शेजारी अबिबाल, मेरिबाल. एकाच मुलखात कुणी लेकराला याहच्या हवाली करत होता, कुणी बालाच्या, आणि तेल सगळ्यांचं एकाच कोठारात येत होतं.

त्या खापरांवरून आणखी एक गोष्ट कळते. उत्तरेकडच्या बोलीत ‘याहू’चा ‘याव’ होई. तेव्हा गिलादच्या या माणसाला त्याच्या गावचे लोक बहुधा एलियाव म्हणत असतील. आपण ज्याला एलियाहू म्हणतो, तो दक्षिणेच्या, यरुशलेमच्या लेखणीतून आलेला उच्चार असावा.

आता कर्मेल डोंगराची गोष्ट. पावसाअभावी देश करपलेला. एलियाहू बालाच्या साडेचारशे पुजाऱ्यांना डोंगरावर बोलावतो. दोन वेद्या, दोन बैल, विस्तव कुणी लावायचा नाही. जो देव आकाशातून अग्नी पाठवील तो खरा. पुजारी दुपारपर्यंत नाचतात, अंगावर वार करून घेतात, काही होत नाही. मग एलियाहू बारा धोंड्यांची वेदी बांधतो, तिच्यावर चार घागरी पाणी तीनदा ओततो, म्हणजे पुढे कुणी शंका काढायला नको, आणि प्रार्थना करतो. अग्नी उतरतो. लोक पालथे पडून ओरडतात: “याहवे, तोच देव! याहवे, तोच देव!”

हा आरडाओरडा मूळ हिब्रूत वाचला तेव्हा मी थबकले. लोक जे ओरडत होते, ते त्याचं नावच होतं. ‘याह’ आणि ‘एल’, तेच दोन तुकडे, क्रम तेवढा उलटा. जन्मापासून हा माणूस एकटा जे वाक्य अंगावर वागवत फिरला, ते त्या दिवशी सबंध डोंगर म्हणू लागला. योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, उपासाअखेर, दिवस मावळताना, जगभरच्या सिनेगॉगमध्ये आजही हेच शब्द सात वेळा म्हणतात. (याच दोन तुकड्यांचा उलटा क्रम नावातही आहे: योएल, म्हणजे याह हाच देव.)

पुढचं वाचवत नाही. एलियाहूच्या सांगण्यावरून त्या पुजाऱ्यांना धरून खाली किशोन ओढ्यापाशी नेतात आणि मारून टाकतात. ही गोष्ट सांगणारे बरेचदा अग्नीपाशी थांबतात. मला तसं थांबणं बरं वाटत नाही. ‘माझा देव’ म्हणता म्हणता माणूस कुठवर जाऊ शकतो, ते त्या ओढ्याकाठी दिसतं, आणि या नावावर प्रेम करायचं तर ते पाहूनच करायला हवं. मला आवडतं ते हे, की ज्यूंच्या परंपरेनेही ते पाहिलं आणि मग आपल्या या सगळ्यात रागीट संदेष्ट्याला शतकानुशतकं माणसांत आणून बसवलं.

सुरुवात बायबलमध्येच होते. ईजबेलपासून जीव वाचवायला एलियाहू पळतो, चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचतो आणि देवाकडे गाऱ्हाणं मांडतो: या लोकांनी तुझा करार सोडला, मी एकटाच उरलोय. तिथे खडक फोडणारा वारा सुटतो, देव वाऱ्यात नसतो. भूकंप होतो, देव त्यात नसतो. आग येते, तिच्यातही नसतो. मग एक अगदी बारीक, निःशब्दासारखा आवाज. कर्मेलवर अग्नी मागणाऱ्याला दाखवलं जातं की अग्नीत मी नाही. त्यावरही त्याचं उत्तर काय? तेच गाऱ्हाणं, शब्दाला शब्द लावून. मी एकटाच उरलोय.

यावर एका जुन्या मिद्राशाने, म्हणजे बायबलच्या ओळींमधल्या मोकळ्या जागा कथांनी भरणाऱ्या टीकेने, जे केलंय ते मला साऱ्या एलियाहू-कथेचा गाभा वाटतं. मिद्राशात देव त्याला म्हणतो, तू माझ्या लोकांवर आरोप केलास ना, की ते करार पाळत नाहीत? तर यापुढे जिथे जिथे त्या कराराची खूण म्हणून मुलाची सुंता होईल, तिथे तिथे तू हजर राहशील आणि तो पाळला जाताना आपल्या डोळ्यांनी बघशील. म्हणून आठव्या दिवशी मुलाच्या सुंतेच्या वेळी एक खुर्ची एलियाहूची म्हणून रिकामी ठेवतात. मुलाचं नावही तेव्हाच ठेवतात. आरोप करणारा साक्षीदार झाला, आणि पाहता पाहता साक्षीदाराचा घरचा पाहुणा. जगातल्या कुठल्याही ज्यू मुलाच्या कानावर त्याचं नाव पहिल्यांदा पडतं, तेव्हा शेजारच्या खुर्चीत हा बसलेला असतो. कोकणातल्या बेने इस्राएल सिनेगॉगमध्येही ती खुर्ची आहे.

तो मेला नाही, हेही त्याच्या नावामागे आहेच. अग्नीचा रथ आला आणि वावटळीतून तो वर गेला, असं बायबल सांगतं. न मेलेला माणूस परत येऊ शकतो. मलाखीच्या पुस्तकाच्या अखेरीला देवाचं वचन आहे, की त्या मोठ्या दिवसाआधी मी एलियाहू संदेष्ट्याला पाठवीन, आणि तो बापांची मनं मुलांकडे आणि मुलांची बापांकडे वळवील. आणि नेमकं या वचनात त्याचं नाव अपुरं लिहिलेलं आहे. शेवटचा वाव नाही. एलियाहूऐवजी एलिया.

सबंध बायबलमध्ये त्याचं नाव असं वाव गाळून पाच ठिकाणी येतं. उलट इस्राएलांचा मूळपुरुष याकोब, त्याच्या नावात एरवी वाव नसतो, पण पाच ठिकाणी तो जास्तीचा आहे. आजचा अभ्यासक म्हणेल, जुन्या लेखनपद्धतींतला फरक. अकराव्या शतकातला फ्रान्सचा भाष्यकार राशी मात्र जुनी कथा सांगतो: याकोबाने एलियाहूच्या नावातलं अक्षर गहाण ठेवून घेतलंय. माझ्या लेकरांच्या सुटकेची बातमी घेऊन ये आणि तुझं अक्षर सोडवून ने. नाव पुरं व्हायचं तर त्याला यावंच लागेल. नाव गहाण ठेवणं आपल्याला अब्रूच्या अर्थाने ठाऊक आहे. इथे एका म्हाताऱ्या बापाने सावकारासारखं बसून खरोखरीच अक्षर ठेवून घेतलंय. शतकानुशतकं हाकलल्या गेलेल्या लोकांनी वाट पाहण्याला दिलेलं इतकं सुंदर कारण मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

तोवर तो येत-जात राहतो. वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तमधून सुटल्याच्या सणाच्या, रात्री त्याच्या नावाचा प्याला भरून ठेवतात आणि दार उघडतात. शनिवारी रात्री शब्बाथ सरताना त्याचं गाणं म्हणतात. तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, तो रस्त्यात, बाजारात कुणालाही भेटतो. त्यातली एक गोष्ट मला पाठ आहे. एक रब्बी, म्हणजे धर्मगुरू, भर बाजारात त्याला विचारतात, या गर्दीत परलोकाला पात्र असं कुणी आहे का? एलियाहू दोन भावांकडे बोट दाखवतो. रब्बी धावत जाऊन त्यांचा धंदा विचारतात. ते म्हणतात, आम्ही हसवणारी माणसं. कुणी उदास दिसला की त्याला हसवतो, दोघांत भांडण दिसलं की ते मिटवायला झटतो. किशोनच्या ओढ्याकाठचा तो माणूस आणि बाजारात विदूषकांकडे बोट दाखवणारा हा, नाव एकच.

तालमूदमधल्या पंडितांचा वाद सुटत नसला की तिथे ‘तेकू’ असं लिहून सोडून देतात. लोकांनी त्या शब्दाची अक्षरं फोडून अर्थ काढला, तिश्बी येऊन या शंका सोडवील. तिश्बी म्हणजे एलियाहूच. भाषाशास्त्राला हे मान्य होण्यासारखं नाही, पण आजच्या हिब्रूत फुटबॉलचा सामना बरोबरीत सुटला तरी त्याला ‘तेकू’च म्हणतात.

आता आमच्या कोकणात येते. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून इथे आले, आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. तेलाचे घाणे चालवले, शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. सणांना नव्याचा सण, खिरीचा सण अशी आपली नावं आली, गावांवरून आडनावं आली आणि हिब्रू नावांना मराठी अंग फुटलं. १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हे लोकांचे सामाजी हसाजी दिवेकर. शमुएल या नावाच्या शेवटी ‘एल’, देव, होता. तो गेला आणि तिथे आपला ‘जी’ येऊन बसला. शिवाजी, संभाजी, सामाजी. मला यात हानी दिसत नाही. ज्या गावात राहायचं, त्या गावाच्या तोंडी बसेल असं नाव त्यांनी करून घेतलं.

पण एलियाहू हन्नाबी हे नाव मात्र तसंच राहिलं, आणि त्याच्यासाठी मलिदा होऊ लागला. (वर्तमानपत्रांनी मलिदा या शब्दाचं जे केलंय ते क्षणभर विसरा.) भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुका मेवा, ताटात भोवतीने फळं. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात, मोठ्या दुखण्यातून उठल्यावर मलिदा करतात, एलियाहूचं गाणं म्हणतात आणि प्रत्येकाच्या हातावर वाढतात. तो आमच्याही हातावर पडायचा. शेजारच्या आजी सांगायच्या, “दारातल्या चपला बाजूला सार गं, हन्नाबी यायचे आहेत.” यायचे आहेत, असंच. मी लगेच सारायची.

अलिबागजवळच्या खंडाळे गावी (घाटातलं खंडाळा वेगळं) खडकावर खुणा आहेत. एलियाहूचा रथ इथूनच वर गेला, या त्याच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा, अशी श्रद्धा आहे. गलबत फुटलं तेव्हा किनाऱ्यावर निपचित पडलेल्यांना त्यानेच शुद्धीवर आणलं, असंही सांगतात. ज्यू पंचांगातल्या शवात महिन्याच्या पंधराव्या तिथीला, झाडांच्या सणाच्या दिवशी, कोकणात ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’ भरायचा. हिब्रू नाव, अरबी उरूस, आणि दोघांना जोडणारा मराठी ‘चा’. इतिहासकार म्हणतील की ही भक्ती बाहेरच्या ज्यूंशी संबंध वाढल्यावर रुजली असेल. असेलही. पण ज्या समाजाने आपली सुरुवात बुडण्यातून वाचण्यापासून मोजली, त्याने न मेलेल्या संदेष्ट्याला आपलं दैवत नव्हे, पण आपला पाठीराखा मानलं, हे मला अगदी सरळ वाटतं.

१९४८नंतर यांतली बहुतेक घरं इस्राएलला गेली. तिथे १९६०च्या सुमारास त्यांच्याच ज्यू असण्यावर शंका घेतली गेली. लग्न लावताना धर्मपीठ वंशाची चौकशी करू लागलं. त्यांनी धरणं धरलं, मोर्चे काढले, आणि १९६४ साली सरकारला ते सर्व बाबतींत इतरांसारखेच ज्यू आहेत, हे जाहीर करावं लागलं. मला त्या लोकांचं धैर्य फार मोठं वाटतं. मूळ भूमीत पोचून तिथे आपण कोण ते सिद्ध करायला लागणं, याहून जिव्हारी लागणारं काय असेल? कोकणात तर त्यांना हा प्रश्न कुणी केलाच नव्हता.

हैफाला कर्मेलच्या पायथ्याशी एलियाहूची गुहा आहे. तिथे ज्यूंबरोबर मुसलमान, ख्रिस्ती आणि द्रूझही येतात, आणि कोकणातून गेलेली कुटुंबंही नवस घेऊन जातात. इस्राएलमध्ये एलियाहू नावाच्या मुलाला आता सगळे ‘एली’ म्हणतात. लाडाचं रूप आहे, चांगलंच आहे, पण त्याने वाक्य ‘माझा देव’ एवढ्यावरच थांबतं; कोण, ते राहून जातं. लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना इथल्या बेने इस्राएल घरांत मलिद्याच्या दिवशी मात्र नाव तोडून घेत नाहीत. गाण्यात ते पाचही अक्षरांनी येतं आणि दर वेळी नवं बिरुद लावून येतं: हन्नाबी, मग तिश्बी, मग गिलादी. गाणं हिब्रू, आणि ते संपल्यावर पोह्यांत खोबरं जरा कमी पडलं का, ही चर्चा मराठीत.